कुटुंबासोबत कॅम्पिंग: साधा तंबू, ट्रेलर टेंट की फोल्डिंग कॅम्पर? अनुभव लिहा

होटगीरोडकर

मंडळी, थंडी सुरू झाली की आमच्या घरी पोरांचं एकच टुमणं, उजनीला चला, तंबू टाकू, सकाळी उठून फ्लेमिंगो बघू. आम्ही जातोही. पण आता आईबाबा पण सोबत असतात, बाबांचे गुडघे दुखतात, डोम टेंटमध्ये रांगत शिरायचं आणि रात्री दोनदा उठून बाहेर यायचं म्हणजे त्यांचे लई हाल होतात. बहीण इंग्लंडात असते, ती म्हणते ट्रेलर टेंट बघ किंवा फोल्डिंग कॅम्पर बघ, तिकडं घरटी लोक घेऊन फिरतात.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ट्रेलर टेंट म्हणजे गाडीमागं ओढायची छोटी ट्रॉली, तिच्यावर कॅनव्हासचा तंबू घडी करून बसवलेला, तो उघडून शेजारी जमिनीवर ताणायचा आणि झोपायचं ट्रॉलीवर, उंचावर. फोल्डिंग कॅम्परमध्ये वरचं टणक झाकण आणि फळ्या दोन्ही बाजूंना उघडून पलंग होतात, मधे बाकडी, ओटा, कपाट आतच बसवलेलं असतं.

मला कॅटलॉगमधली माहिती नकोय, ती वाचून झाली. तुम्ही कुणासोबत गेलात, कुठं उतरलात, काय सोसलं ते लिहा. आईबाबांना सोबत नेणं थांबवायचं नाही एवढं मात्र पक्कं आहे.

काळी_माती

मोहोळकडचा आहे, कायम साध्या तंबूवाला. उजनीकाठी आपल्याकडं खरा प्रश्न जमिनीचा. वाळलेली काळी माती असली तर टेंटसोबत आलेल्या त्या काडीएवढ्या खुंट्या पहिल्या घावाला वाकतात, आणि ओली असली तर खुंटी आत जाते पण धरत नाही, रात्री वारं सुटलं की एकेक ताण सैल होत जातो. मी लोहाराकडनं सळईच्या हातभर लांब खुंट्या करून घेतल्यात, वरून वाकवलेल्या, खाली टोक काढलेलं, त्या तंबूच्या उलट्या बाजूला तिरक्या ठोकायच्या. तेव्हापासून झोप लागते. जागा मुरमाडच बघा आणि पाण्यापासून चांगली लांब, उंचावर, धरणाचं पाणी कधी वाढंल सांगता येत नाही. तंबूची निमुळती किंवा बुटकी बाजू वाऱ्याकडं, दार कधीच नाही.

आणि टेंटवर चार जण लिहिलं असलं की ते शेजारी शेजारी चिकटून झोपलेले चार, बॅगा धरलेल्या नसतात. सहा माणसांना दोन वेगळे टेंट घ्या, आजीआजोबांना वेगळा. फेब्रुवारीनंतर मात्र पॉलिस्टर नकोच, सकाळी आठलाच आत भट्टी होते. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो, तेव्हा कुठलाच तंबू नको.

चाटीगल्ली_ते_लीड्स

माहेर सोलापूर, गेली बरीच वर्षं इंग्लंडात. आम्ही आधी मोठा टनेल टेंट (बोगद्यासारखा लांबट तंबू) वापरला मग ट्रेलर टेंट घेतला, सेकंडहँड, इकडं बहुतेक लोक सेकंडहँडच घेतात. मोठ्या टेंटचा खरा त्रास तिथं पोचल्यावर नाही, गाडी भरताना असतो, टेंट, गाद्या, खुर्च्या, गॅस, पोरांचे गमबूट, मागची काच दिसेनाशी होते. ट्रेलर टेंटमध्ये ते सगळं ट्रॉलीत जातं आणि वर्षभर तिथंच राहतं, शुक्रवारी संध्याकाळी फक्त कपडे नि खाणं भरायचं. आई आली होती तेव्हा ती वर पलंगावर झोपली, खालून ओल नाही, गादी जाड, वर अंगावर आपली सोलापुरी चादर. तिला एकदाही खाली जमिनीवरून उठावं लागलं नाही आणि माझ्यासाठी ट्रेलरचे पैसे तिथंच वसूल झाले.

पण वेळेचं खरं सांगते. पलंगाचा भाग पटकन उघडतो, त्याला जोडलेला मोठा मांडव खांब लावून ताणून उभा करायला तासभर जातो, पावसात जास्तच. म्हणून एका जागी चारपाच मुक्काम असतील तर ट्रेलर टेंट, एका रात्रीसाठी अजिबात नाही.

दुसरं वाळवणं. कॅनव्हास ओला घडी करून घरी आणला तर दुसऱ्या दिवशी उघडायलाच लागतो, नाहीतर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते मग निघत नाहीत. उघडायला घरापुढं जागा पाहिजे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हा विचार आधी करावा, रंग नि पडदे नंतर.

पार्कचौक

साधा टेंट. बाकी सगळं ठेवणार कुठं? आमच्या सोसायटीत मोटरसायकलीवरनं भांडणं होतात.

अक्कलकोटची_लेक

मी डर्बीजवळ राहते, आमच्याकडं फोल्डिंग कॅम्पर आहे त्यामुळे त्याबद्दल लिहिते. सासूसासरे भारतातून सहा महिन्यांसाठी येतात, दोघांनाही बाहेर फिरायची हौस, आणि मला त्यांना हॉटेलच्या खोलीत बसवून ठेवायचं नव्हतं. कॅम्परला पायरी चढून आत जायचं, आत सरळ उभं राहता येतं, ओटा आहे, सकाळी सहाला सासूबाई आत उभ्या राहून चहा ठेवतात, बाहेर धो धो पाऊस चालू. मुख्य कॅम्पर वीसपंचवीस मिनिटांत उभा होतो, पुढचा ऑनिंग, म्हणजे दारापुढचा कापडी मांडव, लावायचा असेल तर वेगळा वेळ. साइटवर वीज घेता येते, निळा मोठा प्लग असतो, दिवे नि छोटा फ्रिज चालतो.

ओढायला कॅराव्हॅनपेक्षा (गाडीमागं ओढायचं चाकांवरचं घर) फारच सोपा, कारण घडी केल्यावर गाडीच्या उंचीच्या खालीच राहतो, वारं लागत नाही, मागचं दिसतं. पण वजन ट्रेलर टेंटपेक्षा जास्त. इकडं ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसले तरी चालतात, त्यावर ब्रेक लागतात, आणि तुमची गाडी किती ओढू शकते ते गाडीच्या कागदांत बघावंच लागतं. काहीही मागं लावलं की मोटरवेवर ताशी ६० मैल, साध्या दुहेरी वाहतुकीच्या रस्त्यावर जास्तीत जास्त ५०. रिव्हर्स घेताना ट्रेलर उलट्या बाजूला वळतो, त्याची सवय रिकाम्या मैदानात आधी करून घ्या.

माळशिरसचा_दिंडीवाला

तुम्ही लोक इंग्लंडचं लिहायलेत, पण आपल्याकडं वारीत हेच चालतं की ओ. पालखी आपल्या जिल्ह्यात आली की नातेपुते, माळशिरस, वेळापूर, सगळीकडं दिंड्यांच्या राहुट्या. सामानाचा ट्रक पुढं जातो, माणसं चालत येतात, मुक्कामावर पोचेपर्यंत पुढच्या पोरांनी तंबू उभे केलेले असतात, म्हाताऱ्या माणसांना थेट टेकायला मिळतं. मी ते काम केलंय. आषाढात पाऊस ठरलेलाच, म्हणून तंबू उभा झाला की आधी भोवती वीतभर चर खणायचा आणि उताराच्या बाजूला तोंड काढून द्यायचं. हे चुकवलं तर तंबू कितीही भारी असू द्या, पाणी खालून येतं. (दुसऱ्याच्या रानात असाल तर मालकाला विचारा आणि निघताना चर बुजवा.)

होटगीरोडकर, तुमच्या बाबांसाठी मला एकच वाटतं, मुक्कामाला एक गाडी आधी पाठवा. सगळं उभं झालं की मग आईबाबांना आणा. याला काही विकत घ्यायला लागत नाही.

एमआयडीसी_अक्कलकोटरोड

ट्रॉली बनवून घेऊ म्हणणाऱ्यांसाठी. आमच्या शॉपमध्ये दरवर्षी कोणीतरी विचारायला येतं. चासी, चाकं, झाकण होईल हो, पण आपल्या कायद्यात ट्रेलर हे वेगळं वाहन आहे, त्याची नोंदणी लागते, नंबर लागतो, मागचे दिवे लागतात. आणि कारच्या मॅन्युअलमध्ये टोइंगला, म्हणजे मागं ट्रेलर ओढायला, परवानगी आहे का ते आधी वाचा. आपल्या गावाकडच्या स्पीडब्रेकरवर बुटकी ट्रॉली घासते हेही धरा. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, पण म्हणून आपल्या भागात जागोजाग ट्रेलर लावायच्या साइट मिळतील असं समजून गाडी काढू नका. मी गिऱ्हाईक परत पाठवतो पण घाईत करून देत नाही, मागं पोरंबाळं बसलेली गाडी असते.

शेळगीची_आई

दोन गोष्टी सगळ्यांनी वाचाच. थंडी वाजली म्हणून शेगडी, बार्बेक्यू, पेटता कोळसा तंबूत किंवा कॅम्परमध्ये घ्यायचा नाही, विझत आलेला पण नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो, आणि पोरं आत असतात. दुसरं, माळरानावर विंचू असतात, झिप कायम बंद, सकाळी बूट झटकून घालायचे. आणि नान्नजच्या माळढोक अभयारण्यात मनाने तंबू ठोकायला जाऊ नका, त्या जागेला १९७९ पासून संरक्षण आहे, तिथं सकाळी रीतसर जाऊन बघून यावं.

होटगीरोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. ट्रॉलीचा विचार सोडला, आमच्याकडं ठेवायला जागा नाही आणि आम्ही दोन रात्रींच्या वर कधी थांबत नाही. उभं राहता येईल असा उंच टेंट फक्त आईबाबांसाठी घेतोय, आत दोन फोल्डिंग कॉट, आणि मी नि पोरगा सकाळीच पुढं जाऊन उभारणार. सळईच्या खुंट्या सांगितल्यात. कॉटच्या पायांनी खालचं कापड फाटतं का, कुणी वापरलंय?

काळी_माती

फाटतं. प्रत्येक पायाखाली प्लायचा तळहाताएवढा तुकडा ठेवा, कडा घासून घ्या, आणि कॉट आत नेऊन मग उघडा, आत ओढू नका.