आधी अर्ज करा, मग बंड करा?

बांधावरचा
काल एका साहेबांची पोस्ट वाचली. "पथनाट्यवाले परवानगी घेत नाहीत, पोलिसांनी थांबवलं की अभिव्यक्ती म्हणून बोंबलतात. कलावंतानं कला करावी, राजकारण करू नये." खाली दोनशे लाईक. म्हणून लिहायलोय, लांबलं तर लांबलं.

अर्ज केला होता साहेब. तीन प्रतीत. रविवारच्या बाजारी, मोंढ्यासमोर, पीकविम्यावर वीस मिनिटांचं नाटक. त्यात एक वाक्य, "पंचनामा झाला, पण जीपची काच काही खाली झाली नाही." ठाण्यातल्या साहेबांनी त्याच ओळीखाली लाल पेनानं रेघ ओढली अन् विचारलं, जीप कोणाची? आता नाटकातली जीप कोणाचीबी असंल, पण त्यांना बरोबर ओळखू आली त्याला आम्ही काय करावं. आठव्या मिनिटाला 'कायदा सुव्यवस्था' म्हणून बंद. गर्दी किती? चाळीस माणसं अन् दोन बैलं.

लातूरकर_७२
भावनेत वाहू नका. उद्या जीपवाल्याची पोरं येऊन हाणामारी झाली असती तर तुम्हीच म्हणले असते, पोलिस कुठं होते. संहितेला परिनिरीक्षण मंडळाचा, म्हणजे प्रयोगाआधी नाटक तपासून मंजूर करणाऱ्या सरकारी मंडळाचा, नंबर होता का? अन् राजकारण्यांचं म्हणाल तर २०२२ ला उदगीरला साहित्य संमेलन झालं, स्वागताध्यक्ष संजय बनसोडे, तवा राज्यमंत्री, उद्घाटन शरद पवारांच्या हस्ते. तवा कुणाला नेते टोचले? सभागृह ओळखीनं पाहिजे, अनुदान पाहिजे, अन् वर बंडबी पाहिजे.

बांधावरचा
वीस मिनिटाच्या पथनाट्याला मुंबईचा शिक्का? आमच्या ओळी दर बाजाराला बदलतात. पावसानं दांडी मारली की दुबार पेरणी घालावी लागते, ती काय मंडळ मंजूर करेपर्यंत थांबते का.

उस्मानाबादी (धाराशिव म्हणा म्हणून कुणी येऊ नका, गावबी माझंच, नावबी माझंच)
उदगीरचं अर्धंच सांगितलं. तिथंच त्याच दिवसात विद्रोही संमेलनबी, म्हणजे या संमेलनाला विरोध म्हणून भरणारं वेगळं संमेलन, भरलं होतं. आमच्याकडं जानेवारी २०२० च्या साहित्य संमेलनाला फादर दिब्रिटो अध्यक्ष. ख्रिस्ती धर्मगुरू म्हणून विरोध. माणूस आजारी असून आला, अन् सगळं बंदोबस्तात पार पडलं. मी पाण्याचे जार उचलत होतो, डोळ्यानं बघितलंय. मनात असलं की बंदोबस्त लेखकाच्या बाजूनंबी लागतो.

लातूरकर_७२
मान्य. अध्यक्ष मोठे होते म्हणून लागला. तुमच्या दोन बैलांसाठी एसपी येणार का?

ढोलकीवाला
विषय सोडून बोलतो, पण रात्री दहाला आवाज बंद करायच्या नियमाचं कुणीच बोलंना. आमचा जलसा, दहा वाजून पाच मिनिटं, शेवटचं गाणं चालू. हवालदारानं मिक्सरची वायर स्वतःच्या हातानं उपसली. मिक्सर जळाला, अकराशे रुपये गेले. चार दिवसानं त्याच चौकात नेत्याचा वाढदिवस, डीजे रात्री एकपर्यंत. तोच हवालदार बंदोबस्ताला, कानात कापूस घालून!

रिटायर मास्तर
ध्वनिप्रदूषण नियम २००० चे आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा. सरकार वर्षात फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. बंद सभागृहाच्या आत हे बंधन नाही. वाचत जा जरा.

ढोलकीवाला
बंद सभागृह? मास्तर, आमच्या तालुक्याच्या सभागृहाला दारंच राहिली नाहीत, बंद कसं करू?

मोंढा रोडच्या काकू
माझे सासरे हार्टचे पेशंट, नात दहावीला. जलसा असो नाहीतर वाढदिवस, दहाला बंद म्हणजे बंद. मला सगळा आवाज सारखाच.

ढोलकीवाला
काकू, जलसा अन् डीजे एका दावणीला बांधू नका. राग येतो.

मोंढा रोडच्या काकू
येऊ द्या. कान काय जात विचारून ऐकतो का?

ढोलकीवाला
कान नाही विचारत काकू. वायर उपसणारा विचारतो.

लातूरकर_७२
आली का जात! दोन कॉमेंटमध्ये आली. याच्यासाठीच तुमचे प्रयोग बंद पडतात.

उस्मानाबादी
जात काढली की चिडता, वायर काढली की नियम सांगता. वा.

रिटायर मास्तर
भांडू नका. "कलावंतानं राजकारण करू नये" म्हणणाऱ्यांना एवढंच विचारा, १९७५ ला आणीबाणीत कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली, स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, केंद्रात मंत्री. ते काय होतं मग? पुढं बाई तुरुंगात गेल्या. अन् आपण तर निजामातले. गश्ती निशान ५३ हा निजामाचा हुकूम काय होता ते घरच्या म्हाताऱ्यांना विचारा, सभा घ्यायची तर आधी परवानगी. आमचे वडील म्हणायचे, त्या काळी अर्ज लिहिता लिहिताच कितीकांचं अक्षर सुधारलं.

लातूरकर_७२
निजामाशी तुलना जरा जास्तच होतीया मास्तर. पण लाल रेघेचं खरं असंल तर ते चूक. ओळ खोडायचं काम ठाण्याचं नाही, एवढं मानतो. खुश? आता ती जीप काढून बैलगाडी घाला, मी स्वतः बघायला येतो.

बांधावरचा
जीप राहणार. येत्या रविवारी, तिथंच. अर्ज परत दिलाय, पण पोच द्यायला शिक्काच सापडंना म्हणायलेत.

मोंढा रोडच्या काकू
किती वाजता?

बांधावरचा
सकाळी साडेदहा.

मोंढा रोडच्या काकू
मग माझं काही म्हणणं नाही. येताना भाजीबी घेईन.