सुंबात जमीन घ्यायची असेल तर

सुंबा या इंडोनेशियातल्या बेटावर जमीन घ्यायची तर ‘गावातल्या ओळखीच्या माणसाच्या नावावर जमीन घेऊन टाका’ असा सल्ला कुणी देतं, तो कृपया मनावर घेऊ नका. इंडोनेशियाच्या १९६० च्या जमीन कायद्यानुसार पूर्ण मालकी (हाक मिलिक) परदेशी माणसाला मिळतच नाही. नाव गावातल्या माणसाचं नि पैसे आपले असा व्यवहार रद्दबातल ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसेही परत मागता येत नाहीत. मुदतीचा वापरहक्क, हाक पाकाई, तेवढा मिळू शकतो. त्यात सुंबा बेटावर बरीच जमीन घराण्यांची सामायिक. एकाने सही केली तरी बाकीची भावकी दारात येणारच. कोकणात सातबारा पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको!

आधी भाड्याने राहून बघा. बालीहून सुंबातल्या तांबोलाकाला विमानं जातात. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास गेलात तर पासोला, म्हणजे घोडेस्वारांची भालेफेक बघायला मिळेल. मलेरिया मात्र आहे, डॉक्टरांना विचारूनच निघा.