डॉक रिव्हर्सने स्वतःच्या पोराला टीममध्ये घेतलं ते बरोबर होतं का?

पहाटेचा_प्रेक्षक

नमस्कार मंडळी, प्रश्न एनबीएचा (अमेरिकेतली प्रो बास्केटबॉल लीग) आहे पण विचारायचं कारण घरचं आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहितो. मी नोकरी सांभाळून संध्याकाळी एका क्लबमध्ये पोरांना बास्केटबॉल शिकवतो. यंदा अंडर-16 ची टीम काढायचीये आणि माझा मुलगा त्या वयोगटात आलाय. चांगला खेळतो, बाप म्हणून नाही म्हणत, लेफ्ट हॅन्डने लेअप उजव्याइतक्याच सहज टाकतो आणि मुख्य म्हणजे पास देतो, या वयात पास देणारी पोरं कमी असतात. पण त्याच्याच जागेवर आणखी दोन पोरं आहेत आणि त्यांचे आईवडील रोज बाकावर बसलेले असतात. अजून कोणी काही बोललेलं नाही पण मला ते नजरेतून कळतं.

तर परवा मुलानेच विचारलं, बाबा एनबीएत असं कधी झालंय का. मी म्हटलं हो, डॉक रिव्हर्स आणि ऑस्टिन रिव्हर्स. डॉक लॉस एंजेलिस क्लिपर्सचा कोच असताना जानेवारी 2015 मध्ये त्या टीमने त्याच्या मुलाला, ऑस्टिनला, ट्रेडमध्ये (टीम-टीममधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीत) घेतलं आणि एनबीएच्या मॅचमध्ये सख्ख्या मुलाला कोच करणारा डॉक हा पहिला बाप ठरला. इतकं मला माहीत होतं. पण ते चांगलं झालं की वाईट असं त्याने विचारल्यावर मला धड उत्तर देता आलं नाही. तेव्हा लोक खूप बोलले होते हे आठवतं. ज्यांनी तो काळ नीट फॉलो केलाय त्यांनी प्लीज सांगा. आणि कोणाचा बाप किंवा आई स्वतः कोच असेल तर त्यांनी तर जरूर लिहा.

---

जर्सीकर

दादा, मी तेव्हा क्लिपर्सची जवळपास प्रत्येक मॅच बघायचो त्यामुळे माझं मत पक्कं आहे. डॉकने पोराला कोच केलं त्यात काहीही चूक नव्हती, चूक ही होती की डॉक तेव्हा नुसता कोच नव्हता. 2014 पासून तो क्लिपर्सचा प्रेसिडेंट ऑफ बास्केटबॉल ऑपरेशन्सपण होता, म्हणजे खेळाडू कोण आणायचा, कोणाला सोडायचं, कोणाला किती पैसे द्यायचे ते तोच ठरवणार आणि मग कोर्टवर कोणाला किती मिनिटं तेही तोच. आता 2016 च्या उन्हाळ्यात ऑस्टिनला तीन वर्षांचं साधारण साडेतीन कोटी डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं, त्या वर्षी टीव्हीच्या नव्या करारामुळे पैशाचा पूर आला होता आणि सगळ्याच साध्या साध्या प्लेयर्सना असे आकडे मिळत होते, तेव्हा ते काही अव्वाच्या सव्वा नव्हतं. पण सही बापाच्या ऑफिसातून आली म्हटल्यावर कोण ऐकून घेणार? ड्रेसिंग रूममधल्या माणसाला प्रश्न पडणारच की माझ्या पुढच्या कॉन्ट्रॅक्टचं बोलणं ज्याच्याशी करायचंय त्याचा पोरगा माझ्या शेजारच्या लॉकरवर बसतो.

आता पुढचं बघा. ऑगस्ट 2017 मध्ये डॉककडून प्रेसिडेंटपद काढलं, तो फक्त कोच उरला. आणि 2017-18 हा ऑस्टिनचा करिअरमधला सगळ्यात चांगला सीझन निघाला, अ‍ॅव्हरेज 15.1 पॉइंट. टीमचा मुख्य गार्ड क्रिस पॉल ह्यूस्टनला गेला होता, बाकीचे गार्ड जखमी होते, त्यामुळे मिनिटं वाढली हे खरं, पण त्या वर्षी बापाने पोराला फुकट दिलं असं म्हणायला कोणाला तोंड राहिलं नाही. मग जून 2018 मध्ये ऑफिसने ऑस्टिनला वॉशिंग्टनला ट्रेड करून मार्चिन गोर्टाट आणला. म्हणजे कोचचा पोरगा असून ट्रेड झाला. असंच असायला हवं. कोच वेगळा आणि निवडणारा वेगळा.

तुमच्या केसमध्ये माझं एकच म्हणणं, शिकवा बिनधास्त, पण टीम काढायच्या दिवशी त्या खोलीत तुम्ही असू नका.

---

झोन_डिफेन्स

जर्सीकरांचं बरोबर आहे पण त्यात ऑस्टिनवर अन्याय होतोय. लोक असं बोलतात जणू त्याला बापाने रस्त्यावरून उचलून आणला. तो ड्यूक युनिव्हर्सिटीकडून कॉलेज बास्केटबॉल खेळलेला, फेब्रुवारी 2012 मध्ये चॅपल हिलला नॉर्थ कॅरोलायनाच्या घरात जाऊन शेवटच्या बझरला टायलर झेलरच्या डोक्यावरून थ्री (लांबून तीन पॉइंटचा शॉट) मारून 85-84 मॅच काढलेली, त्या दिवशी 29 पॉइंट. 2012 च्या ड्राफ्टमध्ये (एनबीएच्या टीम नवे खेळाडू निवडतात त्यात) दहावा पिक. न्यू ऑर्लीन्सला सुरुवात खराब झाली हे मान्य, पण दहाव्या पिकला दुसरी संधी कुठेतरी मिळतेच, बाप कोच असो नसो.

आणि क्लिपर्समध्ये त्याने ती कमावली. मे 2015, प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेरीत) ह्यूस्टन रॉकेट्सविरुद्ध तिसरी मॅच, बेंचवरून येऊन 25 पॉइंट, मॅच 124-99. पण मला कायम आठवते ती पुढच्या वर्षीची प्लेऑफमधली पोर्टलंडविरुद्धची सहावी मॅच, गेम 6. क्रिस पॉलचा हात मोडलेला, ब्लेक ग्रिफिन बाहेर, टीममध्ये काही राहिलंच नव्हतं. पहिल्याच क्वार्टरमध्ये पोर्टलंडच्या अल-फारूक अमिनूचं कोपर ऑस्टिनच्या डाव्या डोळ्यावर बसलं, रक्ताळलेला आत गेला, 11 टाके घातले आणि परत आला. डोळा सुजून बंद व्हायला आलेला, एका डोळ्याने बघत खेळत होता आणि 21 पॉइंट, 8 असिस्ट, 6 रिबाउंड. मॅच हरले, 106-103. त्यानंतर डॉक प्रेसशी बोलताना त्याचा कंठ दाटून आला होता. तोवर सगळ्यांसमोर तो पोराशी बाकीच्यांसारखाच कोरडा वागायचा, त्या दिवशी ते जमलं नाही त्याला. त्यानंतरही जो माणूस वशिल्याचं बोलेल त्याच्याशी मी वाद घालायला तयार आहे.

अजून एक गोष्ट कोणी लक्षात घेत नाही. ऑस्टिन फ्लोरिडात वाढला आणि डॉक 2004 पासून बॉस्टनचा कोच. 2008 ला बॉस्टनमध्ये चॅम्पियनशिप जिंकली तेव्हा पोरगा 15 वर्षांचा, घरी. म्हणजे ज्या वयात तुमचा मुलगा आत्ता आहे त्या वयात त्याला बाप टीव्हीवरच जास्त दिसायचा. तुम्ही रोज संध्याकाळी मुलाबरोबर कोर्टवर असता, ते सोडू नका लोकांच्या नजरेला घाबरून.

---

जुने_बॉक्सस्कोर

एनबीएपेक्षा अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये बापलेकांच्या जोड्या खूप जास्त आहेत आणि तिथून शिकण्यासारखं जास्त आहे असं माझं मत.

चांगलं उदाहरण हवं तर ग्रेग आणि डग मॅकडरमॉट. ग्रेग आयोवा स्टेटचा कोच होता आणि घर त्याच गावात, एम्सला. डग तिथल्याच हायस्कूलमध्ये हॅरिसन बार्न्सबरोबर खेळायचा, पण बापाच्या टीमकडे न जाता त्याने नॉर्दर्न आयोवाला सही केली होती. मग 2010 मध्ये ग्रेग क्रेटन युनिव्हर्सिटीला गेला तेव्हा डग त्याच्याकडे आला. चार वर्षांत 3,150 पॉइंट, तीन वेळा फर्स्ट टीम ऑल-अमेरिकन (देशातल्या सर्वोत्तम पाचांत), 2014 चा देशातला सर्वोत्तम कॉलेज प्लेयर. पण मला सांगायचंय ते वेगळंच. शेवटच्या वर्षी त्यांचा गार्ड ग्रँट गिब्ज याला अनपेक्षितपणे सहावं वर्ष खेळायची परवानगी मिळाली आणि टीमकडे स्कॉलरशिप शिल्लक नव्हती, तर डगने आपली सोडली. म्हणजे देशातला सगळ्यात भारी प्लेयर, कोचचा मुलगा, त्या वर्षी कागदोपत्री विनास्कॉलरशिपचा वॉक-ऑन म्हणून खेळला. यानंतर टीममधल्या कुठल्या पोराच्या मनात राहील की कोचच्या मुलाला जास्त मिळतं?

दुसरं होमर ड्रू आणि ब्राइस ड्रू, व्हॅल्परायझो युनिव्हर्सिटी, मार्च 1998, एनसीएए टूर्नामेंटमध्ये (कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा) समोर ओल मिस (मिसिसिपी युनिव्हर्सिटी). काही सेकंद राहिलेले असताना ब्राइसने थ्री मारला आणि तो चुकला. अडीच सेकंद उरले, बॉल यांना मिळाला पण पूर्ण कोर्ट पार करायचं होतं. आता विचार करा, बाप कोच आहे, पोराने आत्ताच शॉट घालवलाय, आणि तरी प्ले त्याच्यासाठीच. जेमी साइक्सने बेसलाइनवरून लांब फेकला, बिल जेनकिन्सने उडी मारून हवेतच पकडून पळत येणाऱ्या ब्राइसला दिला, थ्री, 70-69. टीममधला एक जणही त्या प्लेला नाही म्हणाला नाही कारण सगळ्यांना माहीत होतं की शॉट त्याचाच असायला हवा. माझ्या मते कसोटी ही आहे. टीममधल्या पोरांना गुपचूप विचारा शेवटचा बॉल कोणाकडे द्यायचा, त्यांनी तुमच्या मुलाचं नाव घेतलं तर पालकांचं टेन्शन घेऊ नका.

आणि उलटं उदाहरण म्हणजे प्रेस मॅराविच आणि त्याचा मुलगा पीट मॅराविच, एलएसयू (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी). पीटने 1967 ते 70 तीन सीझनमध्ये 3,667 पॉइंट केले, सरासरी 44.2, थ्री-पॉइंट लाइन नसताना. पुरुषांत तो रेकॉर्ड अजून उभा आहे, महिलांत केटलिन क्लार्कने 2024 मध्ये तो आकडा ओलांडला. पण बापाने सगळी टीम पोराभोवती रचली, त्या तीन वर्षांत एलएसयू एनसीएए टूर्नामेंटला एकदाही पोचली नाही, शेवटच्या वर्षी एनआयटी या दुय्यम स्पर्धेच्या सेमीफायनलपर्यंत गेली तेवढंच. पीटचा खेळ बघताना मला अजूनही आनंद होतो, पण बाकीच्या चार पोरांचं काय झालं असेल तेही मनात येतंच.

---

कोचची_मुलगी

मी विदर्भातली, माझे बाबा आमच्या टीमचे कोच होते, शाळेपासून ते पुढे जिल्ह्याच्या टीमपर्यंत. वरच्या सगळ्या चर्चेत पोराच्या बाजूने कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

लोकांना वाटतं कोचच्या मुलीला सूट मिळते. मला उलट मिळायचं. दुसरीने पास चुकवला तर "चल, पुढे बघ" आणि मी चुकवला तर शिट्टी, सगळ्या मुलींसमोर थांबवून परत करायला लावणार. का तर कोणी म्हणू नये म्हणून. मला तेव्हा ते बरोबर वाटायचं, आज वाटत नाही. लोकांना दाखवण्यासाठी स्वतःच्या लेकराला जास्त रागावणं हाही पक्षपातच आहे, फक्त उलट्या दिशेचा. तुम्ही ते करू नका सर, कृपा करून. एकदा का मुलाला वाटायला लागलं की बाबा मला बघत नाहीत, माझ्याकडे बघणाऱ्या लोकांना बघतात, तर मग ते मनातून जाता जात नाही.

दुसरं, मैत्रिणी माझ्यासमोर बाबांबद्दल बोलायच्या नाहीत. कोचला शिव्या घालणं हा टीमला एकत्र आणणारा भाग असतो, त्यात मला कधीच जागा नव्हती, मी आले की गप्प. खेळापेक्षा तेच जास्त लागलं. मी पुढे दुसऱ्या शहरात कॉलेजला गेले, तिथे कोच अनोळखी, आणि पहिल्यांदा मला टीमची एक असल्यासारखं वाटलं. तेव्हा एखादा सीझन तरी त्याला दुसऱ्या कोणाकडे खेळू द्या. तुमच्यात काही कमी आहे म्हणून नाही, त्याला इतर मुलांमध्ये मिसळता यावं म्हणून.

आणि आई कोच असलेलं उदाहरणपण कोणीतरी द्या की. डिलन हार्पर, 2025 च्या ड्राफ्टला दुसरा पिक, सॅन अँटोनियो. सगळे त्याच्या वडिलांचं नाव घेतात, रॉन हार्पर, बुल्स आणि लेकर्सकडून पाच चॅम्पियनशिप. पण त्याला लहानपणापासून शिकवलं आईने, मारिया हार्परने, ती स्वतः कॉलेजला खेळलेली आणि डिलनच्या हायस्कूल टीमची असिस्टंट कोच होती. मुलांच्या टीमला.

---

जर्सीकर

ताई, हे फार महत्त्वाचं लिहिलंत, माझ्या डोक्यात हा अँगल आलाच नव्हता. आणि हार्परची शाळा इथे न्यू जर्सीतच, डॉन बॉस्को प्रेप.

असिस्टंटवरून आठवलं, आमच्या बाजूचाच न्यू ब्रन्सविकला जन्मलेला जेलन ब्रन्सन. बाप रिक ब्रन्सन स्वतः एनबीए खेळलेला. जून 2022 मध्ये न्यूयॉर्क निक्सने रिकला असिस्टंट कोच घेतलं आणि जुलैत जेलन डॅलस सोडून निक्समध्ये, चार वर्षं 10 कोटी 40 लाख डॉलर. तेव्हा इथे काय आरडाओरडा, बापाला नोकरी देऊन पोराला ओढला म्हणून. निक्सवर ठरलेल्या वेळेआधी बोलणी केली म्हणून कारवाईपण झाली, ड्राफ्टमधला दुसऱ्या राउंडचा एक पिक गेला. आणि पुढे तोच करार लीगमधल्या स्वस्तातल्या करारांत धरला गेला. 2025 मध्ये निक्स 25 वर्षांनी ईस्टच्या (लीगच्या पूर्व विभागाच्या) फायनलला गेले ते त्याच्या जोरावर. पण बघा, रिक निक्सचा हेड कोच कधीच नव्हता. मिनिटं ठरवणारा हेड कोच थिबोडो होता, 2025 मध्ये त्याच्या जागी माइक ब्राउन आला. बाप बाकावर बसून पोराला ओरडूपण शकतो आणि मिठीपण मारू शकतो, निर्णयाचं ओझं त्याच्यावर नाही. पहाटेचा_प्रेक्षक दादा, असिस्टंटचा पर्याय तुमच्या क्लबमध्ये शक्य आहे का?

---

पहाटेचा_प्रेक्षक

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. मुलाला सगळं वाचून दाखवलं, पोर्टलंडच्या मॅचचे व्हिडिओ शोधून बघितले त्याने. ताईंचं वाचून मात्र तो काही बोलला नाही, थोड्या वेळाने म्हणाला की मीपण आलो की पोरं गप्प होतात. मला हे माहीतच नव्हतं.

असिस्टंटचं शक्य आहे. आमच्याकडे एक सीनियर सर आहेत, मुलींची टीम बघतात, त्यांच्याशी बोललो. अंडर-16 मुलांच्या ट्रायल्स ते आणि बाहेरून एक रेफ्री घेतील, मी त्या दिवशी मैदानावर जाणार नाही. टीम निघाली की हेड म्हणून तेच राहतील, मी शूटिंग आणि फिटनेस बघीन, आणि त्यांच्या मुलींच्या टीमचा सराव मी घेईन म्हणजे त्यांचा वेळ भरून निघेल. एकच शंका, ट्रायल्समध्ये त्यांनी माझ्या मुलालाच बाहेर ठेवलं तर मी काय म्हणायचं, घरी आणि तिथे?

---

झोन_डिफेन्स

तिथे काहीच नाही. कारण विचारलंत तरी बाकीचे पालक म्हणतील बघा सुरू झालं.

---

कोचची_मुलगी

घरी त्यालाच बोलू द्या आधी. तो म्हणाला की अन्याय झाला तर लगेच समजूत काढू नका आणि सरांची बाजूपण घेऊ नका, ऐकून घ्या. दुसऱ्या दिवशी सरावाला चल म्हणा, बाकीच्या पोरांबरोबर त्याच वेळेला, आणि गाडीवरून एकत्र नेऊ नका त्याला, सायकलने मित्रांबरोबर येऊ दे.