उ: टीसीपीडंपमधल्या नको त्या ओळी

प्रश्न असा होता: टीसीपीडंप (नेटवर्कवरची पॅकेट्स ओळीओळीने दाखवणारा प्रोग्रॅम) चालवताना पोर्ट २२ च्या, म्हणजे एसएसएचच्या (दूरच्या मशीनवरचं लॉगिन), आणि एआरपीच्या (आयपी पत्त्यावरून हार्डवेअर पत्ता शोधणं) ओळी कशा गाळायच्या. त्यावर सुचवलेलं 'ग्रेप -व्ही २२' (२२ असलेल्या ओळी वगळा) चालतं, पण अर्धवट. वेळेच्या रकान्यात किंवा आयपी पत्त्यात कुठेही २२ आलं की ती ओळही जाते. उलट टीसीपीडंपला -एन (नावांऐवजी आकडे छापा) दिला नसेल तर पोर्टच्या जागी 'एसएसएच' हे नाव छापलं जातं आणि नेमकी तीच ओळ राहते. -एक्स (पॅकेटमधला मजकूर हेक्समध्येही दाखवा) लावला असेल तर आणखी गोंधळ: पॅकेटची पहिली ओळ गळते, खालचा हेक्स मजकूर अनाथ लोंबकळतो.

त्यामुळे गाळणी टीसीपीडंपलाच द्या: -एनएन आणि पुढे एकेरी अवतरणात 'नॉट (पोर्ट २२ ऑर एआरपी)'. अवतरण विसरलात तर कंसावर शेल (तुमची कमांड वाचणारा प्रोग्रॅम) अडतं. आणि 'नॉट होस्ट अ अँड ब' असं लिहू नका. त्याचा अर्थ 'अ नको, पण ब हवाच' असा लागतो. दोन्ही नको असतील तर कंसात 'ऑर'.

मजकूर पाहूनच गाळायचं असेल तर ग्रेप आलंच. ओळी थांबून गठ्ठ्याने येतात त्या बफरमुळे (आउटपुट आधी साठवून मग एकदम पाठवलं जातं): टीसीपीडंपला -एल (स्मॉल), आणि ग्रेपच्या पुढे टी (आउटपुट फाइलमध्येही लिहिणारी कमांड) वगैरे जोडलं असेल तर ग्रेपला --लाइन-बफर्ड.