बीए तत्त्वज्ञान छोट्या कॉलेजात, कुणी केलंय का?

प्रश्न: तालुक्याच्या कॉलेजात एसवायला आहे, फिलॉसॉफी स्पेशल घ्यायचं मनात आहे पण वर्गात आम्ही चारच जण आणि घरचे म्हणतात पुढे करणार काय. अनुभव सांगा प्लीज.

निवांत_माणूस: आम्ही तिघं होतो! तिसरा दांडी मारायचा. सर टेबलापलीकडे बसून शिकवायचे, न तयारी करता गेलं की लगेच पकडले जायचो, लपायला मागचा बाकच नाही ना. न्यायदर्शनातलं (तर्कावर भर देणारं भारतीय दर्शन) अनुमान, डोंगरावर धूर म्हणून अग्नी, जसं स्वयंपाकघरात, हे सरांनी मेसच्या चुलीवरून शिकवलं आणि मग धुकं दाखवून विचारलं, हा धूर कशावरून? अख्खा तास त्यातच गेला, पोर्शन मात्र राहिला 😄 वैताग एकच, लायब्ररीत पुस्तकं नव्हती, सगळं गाईडवर.

खानदेशी: पुस्तकांचं म्हणशील तर वाडेकरांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश शोध, ३ खंड आहेत. विश्वकोश तर ऑनलाइन फुकट आहे. आणि छोटं गाव म्हणून लाजू नको रे, आमच्या अमळनेरला १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर ही तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था निघाली, साने गुरुजी पण तिथे होते.

निवांत_माणूस: घरच्यांना सांग यूपीएससीला हा ऑप्शनल आहे, २ पेपर, प्रत्येकी २५० मार्कांचे. मी स्वतः दिली नाही, सध्या बँकेत आहे, पण घरी तेवढ्यावर शांत झाले होते.

प्रश्न: थॅंक्स दादा, उद्या फॉर्म भरतो. चौथा मुलगा इकॉनॉमिक्सला पळाला तर काय, बॅच बंद करतात का?