टीव्ही विकला म्हणजे मूल घडलं का?

गोदाकाठ: दिवाळीआधी आम्ही घरातला टीव्ही विकून टाकला. मुलगा चौथीत आहे. सावानाचं, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिकचं, बालसभासदत्व घेतलं, आता संध्याकाळी पुस्तक घेऊन बसतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये सांगितलंय की तासाभरापेक्षा जास्त स्क्रीन नको. ज्यांना मुलांसाठी वेळ काढायचा नसतो, तेच त्यांना टीव्हीपुढे बसवतात. स्पष्ट बोललो, राग मानू नये.

सिडकोतली आई: राग आलाय, म्हणूनच सविस्तर लिहिते. मी अंबडला कंपनीत, नवरा सातपूरला. त्याची सेकंड शिफ्ट असली की तो घरी येतो तेव्हा पोरं झोपलेली असतात. मला पोचायला सव्वासहा होतात. शाळा सुटल्यापासून तोवर घरात सासूबाई, आणि त्यांचे गुडघे गेलेत. दोन पोरांमागे तीन जिने उतरून त्या कुठे जाणार? समोरच्या मोकळ्या प्लॉटवर आम्ही लंगडी खेळायचो, तिथे आता गाड्या लागतात. त्या वेळात टीव्ही चालू असतो. हो, असतो.

टीव्ही विकला तर पोरं पुस्तक उचलणार नाहीत, आजीचा मोबाइल उचलतील. टीव्हीवर काय चाललंय ते स्वयंपाकघरात ऐकू तरी येतं. मोबाइल पांघरुणात शिरतो.

आणि तो तासाचा आकडा दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी आहे, चौथीतल्या नाही. त्याच सूचनांमध्ये मुलांना हुंदडू द्या, झोप पुरी होऊ द्या, असंही आहे. ते सोयीने गाळलंत. २०२० मध्ये शाळा बंद होत्या, घरात स्मार्टफोन एकच आणि तो नवऱ्याबरोबर कंपनीत. माझ्या मोठीची दुसरी सह्याद्री वाहिनीवरच्या टिलीमिली या अभ्यासाच्या मालिकेवर झाली. तेव्हा हाच टीव्ही शाळा होता.

पंचवटीचे गुरुजी: ताई, तुमची अडचण खरी आहे. पण परिणाम होतच नाही असं कृपा करून म्हणू नका. १९९७ ला शक्तिमान सुरू झालं तेव्हा मी तिसरीच्या वर्गावर होतो. मधल्या सुट्टीत पोरं बाकावर चढून हात वर करून गरगर फिरायची. एकाचा पुढचा दात गेला. शेवटी मालिकेतच मुलांना समजावण्याची वेळ आली. डी.एड.ला मानसशास्त्रज्ञ बांडुराचा १९६१ चा प्रयोग शिकलो होतो. मोठ्या माणसाला बाहुली बडवताना पाहिलेल्या मुलांनी ती तशीच बडवली. मूल बघतं ते करतं.

पण माझं खरं दुखणं भाषेचं आहे. नात पाच वर्षांची. पाणी सांडलं की म्हणते, 'अरे नहीं, ये क्या हो गया!' घरात कोणी हिंदी बोलत नाही.

रविवार कारंजा: गुरुजी, अगदी मनातलं बोललात! आमच्या गल्लीत दिवाळीत पोरांनी किल्ला केला. माती मस्त मळली, हळीव पेरलं, बुरुजाला गेरू फासला. आणि मावळे मांडताना आपसात काय बोलत होती? 'तू इधर से हमला कर, मैं दरवाजा संभालता हूँ.' महाराजांच्या किल्ल्यावर! डोरेमॉन जपानचा, पण आमच्या पोरांना तो हिंदीच शिकवतो. तमिळ मुलांना चुट्टी टीव्ही ही त्यांच्या भाषेतली कार्टून वाहिनी २००७ पासून आहे, कन्नडला चिंटू, तेलुगूला खुशी. मराठीला काय?

सातपूरकर: मराठीत ईटीव्ही बाल भारत ही मुलांची वाहिनी आहे, २०२१ पासून. माहिती घेऊन बोला.

रविवार कारंजा: आमच्या केबलवाल्याच्या पॅकमध्ये नाही.

सातपूरकर: मागितलंत का कधी? मागणार नाही, पैसे भरणार नाही आणि भाषा बुडाली म्हणून ओरडणार. आमच्या बिल्डिंगमध्ये निम्मे कामगार यूपी-बिहारचे. पोरं एकत्र क्रिकेट खेळतात, तिथे हिंदी शिकतात आणि त्यांची पोरं मराठी शिकतात. यात टीव्हीचा काय दोष? आणि पोरगा कोणत्या माध्यमात घातलाय, तेही सांगा.

रविवार कारंजा: माध्यमाचा इथे संबंध नाही.

सातपूरकर: म्हणजे इंग्रजी. घरी 'बेटा, ॲपल खा' म्हणायचं आणि मराठी गेली म्हणून डोरेमॉनला शिव्या घालायच्या!

रविवार कारंजा: माझ्या घरात येऊन ऐकलंत का हो तुम्ही? तोंड सांभाळून बोला. माझ्या पोराला रोज रात्री आजी मराठीतून गोष्ट सांगते.

सिडकोतली आई: भांडण थांबवा, मुद्दा पोरांचा आहे. गुरुजी, बी.एड.ला तो प्रयोग मीही वाचलाय. १९६१ ला मुलांसमोर खोलीत जिवंत माणूस होता. पडद्यावरचा माणूस १९६३ च्या प्रयोगात आला. म्हणजे आधी घरातल्या मोठ्यांकडे बघा. जेवताना बाप मोबाइल चाळत असेल तर पोरगं काय करणार?

टीव्हीचं एक मात्र मलाही सलतं, जाहिराती. धाकटा वरणभाताचा घास तोंडात धरून पडद्याकडे बघत बसतो, चावायचंही विसरतो. दुकानात गेलो की दुधात घालायच्या पावडरीच्या डब्यापुढे बसकण मारतो, 'ताकद येते, टीव्हीत दाखवलंय.' २०२४ च्या एप्रिलमध्ये सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं की अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरात दाखवू नका. तोवर किती वर्षं आया ती साखर दुधात घालत होत्या! या कंपन्यांवर कोणी चिडत नाही. चिडायला नोकरी करणारी आई सापडते.

पंचवटीचे गुरुजी: १९६३ चं बरोबर आहे. पण त्या पडद्यावरचं पाहूनही मुलांनी बाहुली बडवलीच, एवढं ध्यानात घ्या. जाहिरातींबद्दल शंभर टक्के सहमत.

गोदाकाठ: टीव्ही परत आणणार नाही. मुलगा वाचतोय, हे मी डोळ्यांनी बघतोय. 'वेळ काढायचा नसतो' एवढं वाक्य शिफ्टवाल्यांपुरतं मागे घेतो. ज्यांना वेळ आहे आणि तरी बसवतात, त्यांना ते लागू आहे.

सिडकोतली आई: एवढं तरी घेतलंत. मग आता तुमच्या भागातलं बालवाचनालय संध्याकाळी साडेसहानंतर उघडं राहील यासाठी सही करा. सावाना आमच्याकडून लांब पडतं. सिडकोत असं काही सुरू झालं तर आठवड्यातून एक संध्याकाळ मी स्वतः बसेन.

सातपूरकर: माझी सही धरा. आणि रविवार कारंजा, केबलवाल्याला फोन केलात का?