हिजाबवाला इमोजी कोणी वापरावा?

सांजवेळ (धागाकर्ती)
परवा मैत्रिणींच्या ग्रुपवर एकीने उन्हासाठी डोक्याला स्कार्फ गुंडाळलेला फोटो टाकला. लगेच दोघींनी खाली हिजाबवाला इमोजी टाकला आणि त्याच्यापुढे हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. त्याच ग्रुपमधली एक मैत्रीण रोज हिजाब घालते. तेव्हापासून ती ग्रुपवर एक शब्द बोललेली नाही. मला हे फार लागलं.

हा इमोजी आला कसा? बर्लिनमध्ये राहणाऱ्या रयूफ अलहुमैदी या १५ वर्षांच्या सौदी मुलीने २०१६ मध्ये युनिकोडकडे, म्हणजे नवे इमोजी मंजूर करणाऱ्या संस्थेकडे, त्याचा प्रस्ताव पाठवला. मैत्रिणींच्या चॅटमध्ये प्रत्येकीला स्वतःसारखा इमोजी सापडला, हिला सापडला नाही. जून २०१७ मध्ये युनिकोडच्या १०व्या आवृत्तीत तो दाखल झाला. एका मुलीने इतक्या धडपडीने मिळवलेलं चित्र आपण चेष्टेला घ्यायचं? माझं स्पष्ट मत: जी डोकं झाकते तिनेच तो वापरावा.

उंबरठा
चेष्टा वाईटच. पण शेवटच्या वाक्याशी पूर्ण असहमत. या इमोजीचं अधिकृत नाव 'डोक्याला स्कार्फ असलेली व्यक्ती' एवढंच आहे, धर्माचा उल्लेखही नाही. कित्येक ज्यू आणि ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बायकाही डोक्याला रुमाल बांधतात. आणि माझी मावशी? केमोत तिचे केस गेले. रोज सकाळी ती घरच्या ग्रुपवर हाच इमोजी टाकते, म्हणजे आम्हाला कळतं की ती उठली आणि बरी आहे. तिने कोणाची परवानगी काढायची?

पायवाट
मावशींनी खुशाल वापरावा, त्या स्वतःबद्दल सांगताहेत. दुसऱ्याच्या फोटोखाली तो टाकला की मात्र अर्थ बदलतो. पगडीवाल्याचंही तेच. तो २०१० पासून युनिकोडमध्ये आहे. शीख मुलगा स्वतःच्या नावापुढे लावतो तेव्हा ती त्याची दस्तार, म्हणजे शिखांची पगडी, असते. दुसरा कोणी 'हा बघा, महाराजा आले' म्हणून त्याला पाठवतो तेव्हा त्याच चित्राचं बोट होतं, त्याच्याकडे रोखलेलं.

रानवारा
इतका कीस काढायची गरज नाही. पाठवणाऱ्याचा हेतू बघा. त्या दोघींच्या मनात हिजाब घालणारी मैत्रीण नव्हतीच.

पायवाट
नव्हतीच, हेच तर दुखणं आहे! ती ग्रुपमध्ये आहे आणि कोणाच्या लक्षातही नाही.

सांजवेळ
उंबरठा, मावशींबद्दल वाचून मी माझं वाक्य मागे घेते. स्वतःसाठी कोणीही वापरावा. रानवारा, हेतूचं मात्र पटलं नाही. वाचणाऱ्याला हेतू दिसत नाही, त्याला स्कार्फ आणि त्यापुढचं हसू दिसतं. आज मी त्या मैत्रिणीला फोन करणार आहे.

उंबरठा
फोन जरूर कर. पण ग्रुपवरही लिही. हसणं सगळ्यांसमोर झालं होतं.